इंग्रजी लेखनकौशल्याचे मूल्यमापन : लाल रेघ आणि परीक्षकाचे वाचन

पदवीच्या प्रथम वर्षाच्या आवश्यक इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखन, वृत्तान्तलेखन किंवा परिच्छेदलेखन यांपैकी एखादा प्रश्न असतोच. तपासलेल्या उत्तराशेजारी, समासात, एक आकडा असतो : दहापैकी चार, दहापैकी साडेपाच. काही शब्दांखाली लाल रेघा असतात, कोठे एखादे प्रश्नचिन्ह असते. हे चार कशाचे आहेत, उरलेले सहा कशासाठी गेले आणि लाल रेघांचा त्या आकड्याशी नेमका संबंध काय, हे उत्तरपत्रिकेत कोठेही नोंदलेले नसते. 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संबंधित प्रकरणात निर्णय देऊन, माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. गणिताच्या विद्यार्थ्याला या हक्कामुळे आपली कोणती पायरी चुकली ते कळू शकते. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला आपल्या लेखनाविषयी मात्र आकड्याखेरीज फारसे काही कळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या आकड्यामागे असणारे, किंवा नसणारे, वाचन हा आहे.

हा प्रश्न केवळ परीक्षाशास्त्राचा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या आणि घरातून पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याच्या मार्गात इतर विषय सुटूनही पुष्कळदा इंग्रजीच आडवे येते. पुढील वर्षातील प्रवेश, शिष्यवृत्ती, क्वचित शिक्षणाचा शेवटही त्या आकड्यावर ठरतो. ज्या आकड्यावर इतके अवलंबून आहे, तो कसा तयार होतो याची चिकित्सा इंग्रजीच्या प्राध्यापकवर्गाने स्वतःहून फारशी केलेली नाही.

वाक्य हेच एकक

महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनाची घडण पाहिल्यास लेखनाकडे पाहण्याच्या दृष्टीचे मूळ सापडते. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने लंडन विद्यापीठाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवला होता. हे विद्यापीठ आरंभी मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था होते. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे यास कायद्याने स्पष्ट वाव मिळाला तो 1904 च्या अधिनियमाने. परीक्षा आधी आणि अध्यापन नंतर हा क्रम अशा रीतीने जन्मापासूनच आहे. दुसरीकडे, शाळेत व घरी इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाच्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. या पाठमालेचे ऋण मोठे आहे. कोणतेही इंग्रजी वातावरण नसलेल्या मुलाला तिने नियम, शब्द आणि सराव या तीन गोष्टी हातात दिल्या, आणि पुढील काळातील पुष्कळ 'संभाषणात्मक' पुस्तकांना हे तितक्या नेकीने साधलेले नाही. परंतु त्या पद्धतीत वाक्य हेच लेखनाचे एकक होते. एका वाक्याचे भाषांतर बरोबर असे किंवा चूक असे. आधीच्या वाक्याशी त्याचा संबंध असण्याचे कारण नव्हते.

परीक्षक आजही बहुधा याच एककाने तपासतो. पेन वाक्यावरून फिरते, चूक दिसली की थांबते, रेघ मारते आणि पुढे जाते. उत्तर संपते तेव्हा परीक्षकाच्या मनात रेघांची एक अंदाजी बेरीज असते. लिहिणाऱ्याने काय सांगितले हे बहुधा नसते. अभ्यासक्रम बदलले. महाराष्ट्रात 2000 पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आले आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांतून संप्रेषणाची भाषा रूढ झाली. तपासणीची सवय मात्र जुन्याच पाठमालेत राहिली.

परीक्षकांचे मतभेद

लेखनाला गुण देताना परीक्षकांचे एकमत होत नाही, ही गोष्ट नवी नाही. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने 1888 मध्येच परीक्षांतील यदृच्छेचा विचार संख्याशास्त्राच्या आधारे मांडला होता. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1929 च्या समितीचे अध्यक्ष म्हणून येथे परिचित असलेले फिलिप हार्टोग यांनी ऱ्होड्स यांच्यासमवेत 1935 मध्ये इंग्लंडमधील परीक्षांची तपासणी प्रसिद्ध केली. तीत इतिहासाच्या त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना वर्षाहून अधिक काळानंतर पुन्हा तपासण्यास दिल्या असता, 210 निर्णयांपैकी 92 निर्णय बदलले. दोन परीक्षकांचे पटत नाही हे एक वेळ समजण्यासारखे आहे. येथे परीक्षकाचे स्वतःशीच पटले नव्हते.

लेखनाच्या संदर्भात सर्वाधिक उद्बोधक अभ्यास पॉल डीडरिक व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा, 1961 चा, अमेरिकेतील. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे 300 निबंध 53 वाचकांनी नऊ श्रेणींत विभागले. वाचकांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसेच विज्ञानाचे व समाजशास्त्रांचे अध्यापक, लेखक-संपादक, वकील आणि व्यावसायिकही होते. कोणत्या निकषावर श्रेणी द्यावी हे त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते. 94 टक्के निबंधांना निदान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या आणि पाचांहून कमी श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. या आकड्यांचा उल्लेख वारंवार होतो. त्यापेक्षा महत्त्वाचा भाग मात्र उपेक्षित राहतो. हे मतभेद सैरावैरा नव्हते. वाचकांचे गट पडत होते : कोणी प्रामुख्याने विचारांना गुण देत होते, कोणी मांडणीला, कोणी व्याकरण व शुद्धलेखनाला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी लेखनातील व्यक्तिविशेषाला. म्हणजे प्रत्येक जण मापत होता, परंतु निरनिराळी वस्तू मापत होता. आपल्याकडील मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रातील एका टेबलावर बसलेल्या पाच परीक्षकांविषयी हेच म्हणता येईल. फरक इतकाच की तेथे पाचांपैकी चार जण तिसऱ्या गटातील असण्याचा संभव अधिक.

दोन पत्रे

पुढील दोन उत्तरे विवेचनासाठी रचलेली आहेत. तथापि आवश्यक इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटावीत. प्रश्न असा : आपल्या गावाला येणारी एस.टी. बस वेळेवर येत नाही, याविषयी आगारप्रमुखांना पत्र लिहा.

पहिल्या उत्तराचा मजकूर : 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू ड्रॉ युवर काइंड अटेन्शन टू द इर्रेग्युलर बस सर्व्हिस इन अवर एरिया. द पब्लिक इज फेसिंग ग्रेट इनकन्व्हीनियन्स. आय रिक्वेस्ट यू टू टेक नेसेसरी ॲक्शन ॲट द अर्लिएस्ट. आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड.' चूक एकही नाही. दुसऱ्या उत्तराचा मजकूर : 'अवर बस इज कमिंग लेट सिन्स टू मंथ्स. कॉलेज स्टार्ट ॲट सेव्हन थर्टी बट बस कम एट ओ'क्लॉक. गर्ल्स आर गोइंग बाय स्टँडिंग इन टेम्पो. देअर फादर सेइंग, लीव्ह द कॉलेज.' चार वाक्यांत निदान सात चुका.

पहिल्यास दहापैकी सात आणि दुसऱ्यास तीन, असा न्याय प्रचलित पद्धतीने होईल. आता ही दोन्ही पत्रे खरोखरच आगारप्रमुखांच्या टेबलावर गेली असे धरावे. पहिल्या पत्रातून बस कोणती, किती वाजताची, किती दिवसांपासून उशिरा येते आणि त्याने कोणाचे काय बिघडते, यांपैकी एकाही गोष्टीचा बोध होत नाही. 'बस' हा शब्द काढून 'पाणी' किंवा 'वीज' घातला की तेच पत्र नगरपालिकेला किंवा वीज कंपनीला पाठविता येते. अपेक्षित प्रश्नसंचाचे प्रकाशक हेच करतात. दुसऱ्या पत्रातून मात्र किती महिन्यांपासून, कोणत्या वेळेत आणि कोणाची अडचण होते ते कळते. मुली टेम्पोत उभ्याने जातात आणि त्यामुळे वडील महाविद्यालय सोडायला सांगत आहेत, हा कार्यकारणसंबंध 'कारण', 'म्हणून' यांसारखे एकही उभयान्वयी अव्यय न वापरता केवळ वाक्यांच्या क्रमाने उभा राहतो. पत्र लिहिण्याचे कारण या विद्यार्थ्याजवळ आहे. पहिल्याजवळ केवळ पत्र आहे, आणि तेही त्याचे नाही.

लेखनकौशल्य म्हणून जे काही मोजावयाचे ते दुसऱ्या उत्तरात आहे, पहिल्यात नाही. पहिल्या उत्तरातून स्मरणशक्ती मोजली जाते. प्रचलित गुणदान या दोहोंचा क्रम उलटा लावते आणि हुशार विद्यार्थी त्यातून योग्य तो धडा घेतो : इंग्रजीत स्वतःचे वाक्य रचणे धोक्याचे आहे. वर्गात 'मुले स्वतः लिहीतच नाहीत' अशी जी तक्रार अध्यापक-कक्षात ऐकू येते, तिचे एक कारण परीक्षेनेच निर्माण केलेले आहे.

चुकीतील ज्ञान

दुसऱ्या उत्तरातील चुका एकाच जातीच्या नाहीत. 'सिन्स टू मंथ्स' घ्यावे. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन महिन्यांपासून' या दोन्ही ठिकाणी 'पासून' हाच प्रत्ययासारखा वापरला जाणारा शब्द येतो, आणि 'बस दोन महिन्यांपासून उशिरा येते आहे' असे वर्तमानकाळी क्रियापद तेथे निर्दोष असते. इंग्रजीने आरंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' अशी विभागणी केली, शिवाय क्रियापदाचे वेगळे रूप मागितले. विद्यार्थ्याने मराठीतील एक सुसंगत नियम पूर्ण प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला आहे. 'बाय स्टँडिंग' हेही तसेच : 'उभ्या राहून' मधील 'ऊन' चे काम त्याने 'बाय' आणि 'इंग' यांच्याकडून करून घेतले. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये शिकणाऱ्याच्या चुकांचे जे महत्त्व दाखवून दिले आणि लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये 'आंतरभाषा' म्हणून ज्या अवस्थेचे वर्णन केले, ती हीच. ही चूक म्हणजे अज्ञान नव्हे. एक नियम माहीत आहे आणि एक भेद माहीत नाही. तो भेद एका तासिकेत शिकविता येण्यासारखा आहे.

'कॉलेज स्टार्ट' आणि 'बस कम' यांची गोष्ट वेगळी. लिंग, वचन व पुरुष यांनुसार क्रियापद सतत बदलणाऱ्या मराठीच्या भाषकाला इंग्रजीतील तृतीय पुरुषी एकवचनाचा एकुलता एक 'एस' जड जावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिकच. याचा दोष मराठीकडे देता येत नाही. ड्यूले आणि बर्ट यांच्या 1974 मधील अभ्यासापासून असे दिसत आले आहे की निरनिराळ्या मातृभाषांच्या शिकणाऱ्यांना हा प्रत्यय उशिराच आत्मसात होतो; नियम तोंडपाठ असणाऱ्यालाही लिहिण्याच्या ओघात तो सुटतो. त्याने अर्थाची हानी होत नाही. तरीही त्याखाली लाल रेघ सर्वप्रथम पडते, कारण परीक्षकाला तो शोधणे सर्वांत सोपे. 'देअर फादर सेइंग, लीव्ह द कॉलेज' येथे तर क्रियापदाचे रूप अपुरे असले तरी वडिलांचे बोलणे जसेच्या तसे देणे ही चूक नाहीच. मराठी कथनाची ती रीत आहे आणि पत्रातील सर्वाधिक परिणामकारक वाक्य तेच आहे.

मीना शॉनेसी यांनी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, 1970 मध्ये प्रवेश सर्वांना खुला झाल्यानंतर आलेल्या विद्यार्थ्यांचे हजारो निबंध वाचून 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ 1977 मध्ये लिहिला. चुकांच्या गर्दीत एक तर्क असतो आणि अध्यापकाने आधी तो तर्क शिकावा, ही त्यातील भूमिका. मराठी भाषकांच्या इंग्रजी लेखनाविषयी त्या तोडीचे, गावोगावच्या उत्तरपत्रिकांवर आधारलेले काम व्हावयास हवे. आपल्याकडील लघुसंशोधन प्रकल्प बहुधा चुकांची टक्केवारी काढून थांबतात. कोणती चूक किती वेळा झाली एवढे त्यांतून समजते. ती का झाली हे समजत नाही.

येथे एका गैरसमजाला वाव राहू नये. चुकांकडे दुर्लक्ष करावे असे यातून निष्पन्न होत नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये व्याकरणदुरुस्ती निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक असल्याचे प्रतिपादन केले. डॅना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यास सविस्तर उत्तर दिले आणि तो वाद पूर्णतः मिटलेला नाही. आपल्या संदर्भात ट्रस्कॉट यांचे टोक स्वीकारणे परवडणारे नाही. शुद्ध इंग्रजी ज्यांच्या घरातच आहे त्यांचे अशा उदारतेने काही बिघडत नाही. ज्याला शुद्ध इंग्रजी वर्गातच मिळावयाचे त्याला 'आशय कळला, पुरे' असे म्हणणे ही त्याची फसवणूक ठरते. नोकरीच्या अर्जातील 'सिन्स टू इयर्स' मुलाखत घेणारा क्षमा करीलच असे नाही. शुद्धतेला गुण असावेत. ते किती, हे आधी ठरलेले असावे आणि आशयाच्या गुणांवर त्यांनी अतिक्रमण करू नये, एवढाच मुद्दा आहे.

आयात केलेल्या मोजपट्ट्या

अशी विभागणी नवी नाही. जेकब्ज व सहकाऱ्यांनी 1981 मध्ये इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या मोजपट्टीत शंभरपैकी आशयास 30, संघटनेस 20, शब्दसंग्रहास 20, भाषावापरास 25 आणि शुद्धलेखन-विरामचिन्हांस 5 गुण आहेत. आयइएलटीएस परीक्षेत अपेक्षित कार्याची पूर्तता, सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार निकषांना समान महत्त्व आहे. आपल्या महाविद्यालयांतून अलीकडे 'रुब्रिक' हा शब्द फार ऐकू येतो. परंतु तो बहुधा मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी तयार केलेल्या धारिकेत असतो, उत्तरपत्रिकेच्या समासात नसतो.

या मोजपट्ट्या जशाच्या तशा उचलण्यातही एक धोका आहे. त्यांतील 'संघटना' या निकषामागे इंग्रजी परिच्छेदाची विशिष्ट कल्पना गृहीत आहे : मुख्य विधान आधी, पुष्टी नंतर. मराठी शालेय निबंधात वाढलेला विद्यार्थी नदीचे आत्मवृत्त लिहिताना किंवा 'पावसाळ्यातील एक दिवस' रंगविताना मुद्द्याकडे हळूहळू येतो. सुरुवातीस सुभाषित, शेवटी उदात्त समारोप. रॉबर्ट कॅप्लन यांनी 1966 मध्ये भाषासमूहांच्या विचारपद्धतींची जी रेखाचित्रे काढली ती अतिसुलभ म्हणून पुढे टीकेस पात्र ठरली, आणि ते योग्यच झाले. परंतु लेखनाची घडण शाळेतून येते इतके त्यातील तथ्य नाकारता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला मराठीतही मुद्देसूद परिच्छेद कोणी शिकविला नाही, त्याच्याकडून तो इंग्रजीत अपेक्षिताना मराठीच्या प्राध्यापकांशी एकदा बोलणे आवश्यक आहे. एकाच इमारतीत बसणारे हे दोन विभाग त्याच विद्यार्थ्यांचे लेखन तपासतात आणि एकमेकांना त्याविषयी काही विचारीत नाहीत.

वेळेचा प्रश्न

येथवरच्या विवेचनावर परीक्षकाचे उत्तर एकच असते : वेळ नाही. ते खोटे नाही. केंद्रात गठ्ठा समोर असतो, मानधन उत्तरपत्रिकेच्या संख्येवर असते आणि निकालाची तारीख ठरलेली असते. तपासणी संगणकाच्या पडद्यावर नेल्याने यात मूलतः फरक पडत नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये तो प्रयोग घाईने केला तेव्हा निकाल कमालीचे लांबले. यंत्रणा सुरळीत चालली असती तरी पडद्यावरची रेघ कागदावरच्या रेघेहून शहाणी ठरली नसती. परंतु लाल पेन हातात न घेता पत्र एकदा सलग वाचण्यास एखादे मिनिट लागते आणि चुकांखाली पंधरा रेघा मारण्यासही तेवढेच लागते. त्या रेघा सत्रान्त परीक्षेत कोणी पाहत नाही. तेथे त्या वगळून वर्गातील लेखनात माराव्यात, हे वेळेच्या हिशेबातही परवडते. केंद्र सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी नियामकाने पाच-सहा उत्तरे सर्वांना वाचावयास देऊन गुण का दिले याची चर्चा घडविली, तर पूर्वाह्नापुरता विलंब होईल. आदर्श उत्तरपत्रिका वाटण्याची प्रथा आहेच. लेखनाच्या प्रश्नाला मात्र आदर्श उत्तर ही कल्पनाच लागू पडत नाही, तेथे तपासलेली खरी उत्तरे हवीत.

निर्दोषतेला लेखनाचे सर्वस्व मानण्याची सोय आता तशीही राहिलेली नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांना उपलब्ध झाल्यापासून घरून लिहून आणलेल्या गृहपाठातील निर्दोष इंग्रजी हा विद्यार्थ्याच्या कौशल्याचा पुरावा उरलेला नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यावर देणाऱ्यांनी तर याचा तातडीने विचार करावयास हवा. विशेष असे की 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग' हे पत्र यंत्र क्षणात लिहून देते. टेम्पोत उभ्याने जाणाऱ्या मुली मात्र त्याला कोणीतरी सांगाव्या लागतात.

यास्तव सुधारणेचा आरंभ गुणदानाच्या तक्त्यापेक्षा प्रश्नपत्रिकेतून होणे अधिक शक्य आहे. 'आगारप्रमुखांना पत्र लिहा' एवढ्यावर न थांबता प्रश्नातच एस.टी.च्या वेळापत्रकाचा चार ओळींचा तुकडा द्यावा, बस प्रत्यक्षात आल्याच्या आठवड्याभराच्या वेळा द्याव्यात, आणि विद्यार्थ्याने त्यांतून आपली मागणी काय व ती का, हे आठ-दहा वाक्यांत लिहावे. पाठ केलेले पत्र तेथे बसत नाही. वेळ चुकीची नोंदली किंवा मागणीच सांगितली नाही तर आशयाचे गुण जातात, 'एस' सुटला तर शुद्धतेचे. आणि समासात एका आकड्याऐवजी दोन आकडे लिहावे लागतात.